देठापासून सुटल्यावर

झाडावरून उतरलेला आंबा आपण वस्तू म्हणून हाताळतो. खरं तर तो अजून जिवंत असतो. मुळांचा आधार तुटलेला, पण श्वास चालू. त्या श्वासावरच आतल्या पिठाची साखर होते, आंबटपणा ओसरतो, दरवळ सुटतो. आणि तोच श्वास पुढे फळाला नासण्याकडे नेतो. माणसाच्या हाती एवढंच, की त्याची गती सांभाळायची.

रत्नागिरी-देवगडच्या जाणत्या बागायतदारांची सारी शिस्त त्यासाठीच असते. हापूस चौदा आणे तयार झाला की ऊन चढण्याआधी झेल्याने अलगद उतरवायचा. बोटभर देठ ठेवायचा. देठ मोडला की चीक ओघळतो, साल भाजते आणि त्याच जागेतून देठकूज आत शिरते. उतरवलेला आंबा लगेच सावलीत. तापल्या जमिनीवर फळ पडून राहिलं तर साक्याचं प्रमाण वाढतं, आणि साका बाहेरून ओळखूच येत नाही. कापल्यावर कोयीभोवती पांढरट, भुसभुशीत, आंबट गर निघतो. वर्षभर कलम जपणाऱ्याचे कष्ट असे शेवटच्या काही तासांत वाया जावेत, याचं मला फार वाईट वाटतं.

मग अढी. भाताच्या पेंढ्यावर आंब्यांचा थर, वर पुन्हा पेंढा. अधूनमधून चाळवायचं, डागी फळ बाजूला काढायचं, कारण पिकत्या फळातून सुटणारा इथिलीन वायू शेजारच्यांनाही पिकायला लावतो. आठ-दहा दिवसांचं हे काम. ते टाळायला कॅल्शियम कार्बाइड वापरणं हा कायद्याने गुन्हा आहे; त्याने साल पिवळी होते, गर मात्र कच्चाच राहतो.

घरी येऊनही आपण एक चूक करतो: कच्चा आंबा फ्रिजमध्ये ठेवतो. साधारण तेरा अंशांखालची थंडी हिरव्या हापूसला बाधते. साल काळवंडते, आणि नंतर बाहेर काढला तरी तो नीट पिकत नाही.

तेव्हा यंदा पेटी घेताना पिवळ्याधमक रंगाचा हट्ट सोडा. हिरवट, देठाचा आंबा मागून घ्या, घरातल्या हवेशीर कोपऱ्यात पेंढ्यात एकेरी मांडा, रोज एकदा बघा. फ्रिजमध्ये ठेवायचाच तर पूर्ण पिकल्यावर, तोही दोन-तीन दिवसच.