चारोळी आणि धीर

भोपाळच्या बाजारात दिवाळीसाठी चारोळी घेताना दाणा हातात घेतला, तर बारीक, सुरकुतलेला. फळ कच्चेच तोडलेले. चाराचे झाड मध्य प्रदेशच्या जंगलात आपोआप वाढते. वैशाखात फळ काळे पडते. मग ते भिजवून साल चोळून काढायची, बिया वाळवायच्या, जात्यावर भरडून गर वेचायचा. पण काळे होईपर्यंत थांबतो कोण? आपण थांबलो तर दुसरा नेईल, या धास्तीने हिरवीच फळे, प्रसंगी फांद्यांसकट, उतरवतात. कॅलिफोर्नियातला अक्रोडवाला हिरवी साल तडकेपर्यंत खुशाल थांबतो, मग यंत्राने झाड हलवतो. तो काही अधिक संयमी नव्हे. बाग त्याची आहे, इतकेच.

मी वर्गात आयुष्यभर संयम हा सद्गुण म्हणून शिकवला. ज्याच्या घरी धान्य नाही आणि शेजाऱ्याचा भरवसा नाही, त्याला ‘थांब’ म्हणण्याचा अधिकार मला कोणी दिला? गावाने मिळून तोडणीचा दिवस ठरवला, तर गोष्ट वेगळी. 2006च्या वनाधिकार कायद्याने गौण वनोपजावर गावाचा हक्क मानला आहे. तो जिथे खरोखर हाती येईल, तिथे एकट्याला धीर धरावा लागणार नाही.

चारोळी मी घेतलीच, पाव किलो. बासुंदी छान झाली होती. दाणा कच्चा की पिकला, घरात कोणी विचारले नाही.