माइकचं तोंड जिकडे नाही

ड्रमसेट असलेल्या खोलीत बसायची सोय असेल तर तिथे बसा. नसेल तर ओळखीचा एखादा सेट डोळे मिटून समोर उभा करा. वाजवणाऱ्याला सांगा, एकच साधा ठेका धर, हात हलका ठेव आणि मी थांब म्हणेपर्यंत काही बदलू नकोस.

पहिली काही आवर्तनं नुसती ऐका. किक आधी जमिनीतून पायाला कळते, मग कानाला. स्नेअरवर काठी पडते आणि तिच्या पाठोपाठ खालच्या तारांची सळसळ येते. हाय-हॅट मधल्या जागा भरत राहते. सिंबल वाजून गेली तरी तिचा आवाज खोलीत बराच वेळ रेंगाळतो. सगळं कसं वेगवेगळं ऐकू येतंय, नाही? पण हे वेगळेपण तुम्ही करताय. कानापर्यंत सगळं एकत्रच येतं. दोन कान मिळून दिशा ठरवतात, मन हवं ते पुढे घेतं आणि नको ते मागे सारतं. ही निवड इतकी सवयीची झालेली असते की ती चालू आहे हेही जाणवत नाही.

आता एका कानात बोट घाला.

थोडा वेळ असंच राहा. खोलीचा घुमारा अचानक वाढल्यासारखा वाटेल. हाय-हॅट, सिंबल, भिंतीवरून परत येणारा आवाज, सगळं एकमेकांत मिसळेल. माइकला असंच ऐकू येतं. त्याला एकच कान असतो आणि मन नसतं. रेकॉर्डिंग करणारे काही लोक माइक लावायच्या आधी असाच एक कान बंद करून सेटभोवती फिरतात. तुम्हीही उठा, सावकाश एक फेरी मारा. कुठे खाली वाका, कुठे एक पाऊल मागे घ्या. (हात हलका ठेवायला सांगितलं ते यासाठीच. जोरात वाजणाऱ्या स्नेअरजवळ उघडा कान कधीच नेऊ नये.) दर पावलाला आवाज बदलतो. हे नीट अनुभवा, कारण माइकच्या निवडीइतकीच, बहुतेक वेळा त्याहून जास्त, माइकची जागा बोलते.

आता स्नेअरपाशी थांबा. कडेच्या रिंगपासून दोन बोटं वर आणि स्किनच्या मध्याकडे किंचित झुकलेला एक माइक तिथे आहे असं समजा. जगभर या जागी सर्वांत जास्त दिसणारा माइक म्हणजे शुअरचा एसएम ५७. तो १९६५ सालचा. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या भाषणाच्या मेजावरही वर्षानुवर्षं तोच दिसत आला आहे. कुठल्या सुराला तो किती प्रतिसाद देतो याचा कागदावरचा आलेख सरळ नाही. त्याची झेप ४० ते १५,००० हर्ट्झ एवढीच. खालचे सूर तो हळूहळू सोडून देतो आणि ५,००० ते ६,०००च्या आसपासचे थोडे वर उचलतो. पण वाद्याच्या इतक्या जवळ आल्यावर दिशा धरून ऐकणाऱ्या बहुतेक माइकमध्ये खालचे सूर फुगतात, त्यामुळे तिकडची उणीव भरून निघते. वरच्या त्या उचलीत काठीचा टणत्कार नेमका सापडतो. शिवाय वाजवणाऱ्याची काठी चुकून माइकवर बसली तरी तो मरत नाही. म्हणजे सरळ आलेख हा चांगल्या माइकचा पुरावा नव्हे. हा माइक या कामाला बसतो, एवढंच.

पण खरी परीक्षा अजून पुढेच आहे. लक्ष स्नेअरवरून काढा आणि त्याच माइकमध्ये शिरणाऱ्या हाय-हॅटवर न्या.

हाय-हॅट तिथून जेमतेम हातभर लांब आहे. कुठलाही माइक बाजूचं दार पूर्ण लावून घेत नाही. कार्डिऑइड, म्हणजे समोरचं सर्वांत जास्त आणि पाठीमागचं सर्वांत कमी ऐकणारा माइक, अगदी काटकोनातून येणारा आवाजही फक्त ६ डेसिबलने कमी करतो. प्रश्न असा की, तो जो शिरतो तो कसा शिरतो? चांगल्या माइकमध्ये हाय-हॅट लांबची, पण हाय-हॅटच वाटते. वाईट माइकमध्ये ती पत्र्याच्या डब्यासारखी खणखणते. मिक्समध्ये स्नेअर वर घेतली की तो डबाही वर येतो. स्नेअरला धार यावी म्हणून वरचे सूर वाढवले की आधी डबाच ओरडतो. माझ्या मते ड्रमचा माइक समोरचं कसं ऐकतो यावर लोक फार बोलतात, आणि तो बाजूचं कसं ऐकतो हे विचारायचं राहून जातं. समोरचं बरं ऐकणारे माइक आता स्वस्तातही मिळतात. पैसे लागतात ते बाजूच्यासाठी.

हे स्वतः तपासा. माइक चालू करा, हेडफोन लावा आणि मित्राला बोलत बोलत माइकभोवती सावकाश गोल फिरायला सांगा. डोळे मिटा. त्याचा आवाज लहान होत जावा, पण तो आवाज त्याचाच राहावा. कुठल्या कोनात तो सर्वांत लहान होतो, तेही लक्षात ठेवा. कार्डिऑइडमध्ये ती जागा बरोबर पाठीमागे असते, सुपरकार्डिऑइडमध्ये समोरून साधारण १२६ अंशांवर. हाय-हॅट त्या कोनात येईल असा माइक फिरवा.

आता अंतराकडे या. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. स्नेअरच्या जवळच्या माइकपेक्षा वरचा ओव्हरहेड ८६ सेंटिमीटर लांब असला, तर २०० हर्ट्झच्या आसपासचे सूर दोघांत उलटसुलट पडून एकमेकांना खातात, आणि नेमका तिथेच स्नेअरचा भरीवपणा असतो. दोन्ही माइक उत्तम, तरी आवाज पोकळ. ग्लिन जॉन्स या इंग्लिश ध्वनिमुद्रकाने दोन ओव्हरहेड स्नेअरपासून समान अंतरावर ठेवण्याची पद्धत रूढ केली. त्यासाठी सुतळी पुरते. एक टोक स्नेअरच्या मध्यावर धरा, दुसरं दोन्ही माइकना लावून बघा.

ग्लिनचा धाकटा भाऊ अँडी आणखी पुढे गेला. इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या घरात लेड झेपेलिन या रॉक बँडचा चौथा अल्बम रेकॉर्ड होत होता. तो १९७१मध्ये आला. एका गाण्यासाठी बँडचा ड्रमर जॉन बोनम याचा सेट जिन्याच्या तळाशी असलेल्या प्रवेशदालनात मांडला आणि वर जिन्यावर बायरडायनॅमिकचे दोन एम १६० रिबन माइक टांगले. किकला वेगळा माइक नव्हताच. तो आवाज पुढे असंख्य लोकांनी उचलला. त्यात जिन्याच्या उंचीचा वाटा मोठा आहे, आणि बोनमच्या पायाचा त्याहून मोठा. गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्राला मात्र हे चालणार नाही. तिथे स्पीकर शेजारीच असतात, माइक लांब नेला की तो शिट्टी मारतो, म्हणून जवळचे माइक लागतातच.

शेवटी पुन्हा बसा. दोन्ही कान उघडे ठेवा. ठेका अजून चालू आहे. यातलं काय तुम्हाला हवं आहे? काठीची धार, किकचा धक्का, की खोली? उत्तर येईपर्यंत दुकानात जाऊ नका.

गेलात तर घरच्या रेकॉर्डिंगसाठी दोन ओव्हरहेड आणि एक किकचा माइक आधी घ्या, मग स्नेअरचा. टॉमचे सर्वांत शेवटी. सात माइकची तयार पेटी स्वस्त पडते म्हणून उचलू नका. त्याच पैशांत बरे तीन माइक आणि स्नेअरची नवी स्किन बघा.