बुडालं कोण?

तुझी कथा वाचली. नदीला पूर, होडीत दोघे भाऊ, आणि ऐन मोक्याच्या क्षणी तू वाक्य लिहिलं आहेस : 'थोरल्याने धाकट्याला पाहिलं तेव्हा तो पाण्यात होता.' कोण पाण्यात होता? पुढे चार पानं गेल्यावर कळतं की वाहून गेला तो थोरला. तोवर वाचक धाकट्यासाठी हळहळत राहतो. ज्या मृत्यूवर तुझी सगळी कथा उभी आहे, तो मृत्यू तू एका सर्वनामाच्या हयगयीने वाया घालवलास.

आणि सोबतच्या पत्रात वर मलाच शिकवतोस, "बाई, कथा जिवंत असली की झालं. ऱ्हस्व-दीर्घ आणि विरामचिन्हं हे मुद्रितशोधकाचं काम." पुढे लिहितोस, "इथे डोंगरात तारा पोचलेल्या नाहीत, रेंज नाही, पावसाळ्यात लॅपटॉप जेमतेम तासभर चालतो. तेवढ्या वेळात कथा लिहू की शुद्धलेखन तपासू?" या दोन्ही वाक्यांचा मला मनापासून राग आला आहे. शाळेत असतास तर वही परत भिरकावली असती. आता तू मोठा आहेस, म्हणून कारणं लिहून पाठवते आहे.

कथा जिवंत आहे हे मलाही दिसतं. आई चुलीपुढे ओला सदरा वाळवत बसते आणि तो सदरा कुणाचा हे विचारायचं धाडस घरात कुणालाच होत नाही, हा प्रसंग वाचून मी पान मिटून थोडा वेळ बसले. असं सुचणं शिकवता येत नाही. पण त्याच प्रसंगाच्या शेवटी काय लिहिलंस ते पाहा : 'आईने मुलांचे कपडे पेटीत ठेवले.' मुलगा एकच गेला आहे. 'मुलाचे' हवं होतं. त्या एका टिंबाने तू दुसऱ्यालाही मारलंस. याला मुद्रितशोधक काय करणार? त्याच्या दृष्टीने 'मुलांचे' हा शब्द शुद्धच आहे. चूक कुठे आहे हे कळायला कथा ठाऊक असावी लागते, आणि ती तुझ्याइतकी कुणाला ठाऊक आहे?

आणखी पुढे. 'मामाने धाकट्याला त्याच्या घरी नेलं.' म्हणजे धाकट्याच्याच घरी ना? पण तू तर त्याला मामाच्या घरी पाठवला आहेस, पुढची सहा पानं तो तिथे परका होऊन राहतो. मग 'आपल्या घरी नेलं' असं लिही. 'आपल्या' म्हटलं की ते कर्त्याकडे जातं, 'त्याच्या' म्हटलं की दुसऱ्याकडे. मराठी बोलणारं पाच वर्षांचं पोरही यात चुकत नाही. तू बोलताना चुकत नाहीस आणि लिहिताना चुकतोस, कारण लिहून झाल्यावर तू ते वाचलेलंच नाहीस.

काळाची तर तू दैना केली आहेस. 'थोरला पहाटे होडी सोडतो', 'थोरल्याने होडी सोडली', 'थोरला होडी सोडत असे' ही तिन्ही एकाच परिच्छेदात, कारणाशिवाय. अरे, 'सोडत असे' या रीतिभूतकाळात किती वर्षं मावतात याची तुला कल्पना आहे का? 'थोरला रोज पहाटे होडी सोडत असे. त्या दिवशी त्याने ती सोडली नाही.' एवढ्या दोन वाक्यांत एका माणसाचं सगळं आयुष्य आणि त्यातला खंड दोन्ही येतात. मो. के. दामल्यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा जाडजूड ग्रंथ लिहिला, तो पोरांना छडी मारण्यासाठी लिहिला असं तुला वाटतं का? आपली भाषा काळ कसा दाखवते, कर्ता कुठे लपवते, क्रियापद कुणाच्या तालावर फिरवते, याचा तो शोध आहे. कथाकाराच्या कामाची याहून दुसरी सामग्री मला ठाऊक नाही. तू म्हणतोस कथा एकीकडे आणि व्याकरण दुसरीकडे, आणि दोहोंचा तोल साधायचा. मुळात ही वाटणीच खोटी आहे.

आता बोलीविषयी. तिसऱ्या पानावर आई 'माका' म्हणते आणि नवव्या पानावर 'मले' म्हणते. तू वऱ्हाडातला, तुझी आई 'मले' म्हणते हे मी जाणते. पण ही तुझी आई नाही, सिंधुदुर्गातल्या नदीकाठची बाई आहे. बोलीला व्याकरण नसतं असं समजून तू तिच्या तोंडी जे येईल ते घातलंस. बोलीला व्याकरण असतं आणि ते पुस्तकी भाषेइतकंच कडक असतं. कोल्हापूरकडच्या बायका 'मी आलो' म्हणतात ते चुकून नव्हे, तिथली रीत आहे ती. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' काढ : निवेदन एका भाषेत, धनगरांचं बोलणं दुसरीत, आणि या दोहोंमधली सीमा कुठेही ढळत नाही. आनंद यादवांनी 'गोतावळा' १९७१ साली आणली, ती तर अख्खी बोलीतच. तिच्यातला नारबा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकाच मातीतलं बोलतो. तिकडच्याच तुझ्या वस्तीवर चार घरं आहेत असं लिहिलं आहेस. त्या घरांतल्या बायका पाऊस लांबला की काय म्हणतात, गाय हरवली की काय म्हणतात, हे ऐकायला तू एकदा तरी ओसरीवर जाऊन बसलास का? बसला असतास तर 'मले' लिहिताना तुझा हात थबकला असता.

मग तू बहिणाबाईंचं नाव पुढे करतोस. "त्यांना कुठे व्याकरण येत होतं?" हे वाक्य तू पुन्हा कधी उच्चारू नकोस. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या शेतात, जात्यावर गात होत्या आणि घरातल्यांनी ते टिपून ठेवलं म्हणून त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली ते पुस्तकरूपाने आपल्यापर्यंत आलं. पण त्यांच्या ओवीचा ठेका तपास, त्यांच्या खानदेशी बोलीतली क्रियापदं तपास. ढिलाई सापडणार नाही. त्यांच्या कानाला भाषेचा नियम पक्का माहीत होता, फक्त तो पुस्तकातून आलेला नव्हता. निरक्षर बाईच्या निर्दोष कानाचा दाखला तू, पदवी घेतलेला माणूस, स्वतःच्या निष्काळजीपणासाठी वापरतोस? लक्ष्मीबाई टिळकांना लग्नानंतर अक्षरओळख झाली आणि त्यांनी 'स्मृतिचित्रे' लिहिली. शिकायला उशीर झाला म्हणून त्या शिकायच्या राहिल्या नाहीत.

तुझ्या डोंगरातल्या राहण्याबद्दल मला आदर आहे. शहरातली नोकरी सोडून झऱ्याचं पाणी आणि छपरावरचं पॅनेल यांवर राहायचं, कारण लिहायचं आहे, हे सोपं नाही. पण तू त्याची ढाल करतोस, ते मी चालवून घेणार नाही. पत्रात थोरोचा दाखला दिला आहेस ना? मग तो पुरता घे. हेन्री डेव्हिड थोरो ४ जुलै १८४५ रोजी अमेरिकेतल्या काँकर्डजवळच्या वॉल्डन तळ्याकाठी राहायला गेला आणि १८४७ च्या सप्टेंबरात परतला. पुस्तक आलं १८५४ साली. मधल्या सात वर्षांत काय चाललं होतं? लिहिणं, खोडणं, पुन्हा लिहिणं. 'वॉल्डन'चे सात खर्डे अभ्यासकांनी हस्तलिखितांतून वेगळे काढून दाखवले आहेत. झोपडीला २८ डॉलर आणि साडेबारा सेंट खर्च आला, हा हिशेब अर्ध्या सेंटपर्यंत त्याने पुस्तकात मांडला आहे. खिळ्यांचाही मांडला आहे. तो माणूस वाक्याच्या बाबतीत ढिसाळ असेल का? दुर्गाबाई भागवतांनी 'वॉल्डनकाठी विचारविहार' या नावाने ते मराठीत आणलं. मिळव आणि वाच, म्हणजे रानात राहणं आणि मराठी वाक्य घोटून लिहिणं या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात ते दिसेल.

मार्जोरी किनन रॉलिंग्ज १९२८ साली फ्लोरिडातल्या क्रॉस क्रीक या आडवळणी जागी संत्र्यांची बाग घेऊन राहिली. सुरुवातीला घरात नळसुद्धा नव्हता. त्या भागातल्या गरीब शेतकऱ्यांची बोली तिने कानात साठवली, आणि संपादक मॅक्सवेल पर्किन्स यांच्या सूचना ऐकत 'द इयर्लिंग' लिहिली. तिला १९३९ चं पुलित्झर मिळालं. राम पटवर्धनांनी तिचं मराठीत 'पाडस' केलं ते तू शाळेत असताना माझ्याकडूनच वाचायला नेलं होतंस. हेच पटवर्धन आणि श्री. पु. भागवत 'सत्यकथा' मासिकाकडे आलेल्या कथांवर लेखकांना टिपणं पाठवायचे, पुन्हा लिहायला लावायचे, आणि लेखक निमूट पुन्हा लिहायचे. 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडलं. आज तुझ्या वाक्यावर इतका वेळ घालवणारा संपादक तुला भेटेलच याचा भरवसा नाही. आपल्याकडचे मारुती चितमपल्ली बघ. वनखात्यात आयुष्य काढलं, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट ही त्यांची घरं. रानातल्या माणसांकडून त्यांनी पाखरांची, झाडांची नावं गोळा केली आणि त्याच वेळी संस्कृतचाही अभ्यास केला. जंगलात दिवस काढले म्हणून त्यांचं लेखन ढिलं झालं नाही.

आता विजेचं. तुझ्या सौर संचाबद्दल तू मला दीड पान लिहिलं आहेस. बॅटरी निम्म्याखाली उतरू देत नाहीस, झाकणं उघडून डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघतोस, पॅनेलवरचं शेवाळ पुसतोस. कारण तिथे बिघाड झाला तर दुरुस्तीला कुणी येणार नाही. हीच गोष्ट तुझ्या वाक्यालाही लागू आहे. तिथे तुझी चूक दाखवायला शेजारी कुणी नाही, म्हणून तुलाच दुप्पट सावध राहायला हवं. आणि लॅपटॉप बंद पडला तर पडू दे. वहीला वीज लागत नाही. अरुण फडके यांचा 'मराठी लेखन-कोश' छापील मिळतो. यास्मिन शेख यांचा 'मराठी शब्दलेखनकोश' मिळतो, श्री. म. माट्यांच्या या विद्यार्थिनीने आयुष्यभर मराठी शिकवली, 'अंतर्नाद' मासिकाच्या व्याकरण सल्लागार म्हणून काम केलं. ही दोन पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फळीवर ठेव, ओल लागू देऊ नकोस. नेट नाही ही सबब मला पुन्हा ऐकवायची नाही.

शुद्धलेखनाचे नियम तरी किती? साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली शासनाने मान्य केले, १९७२ मध्ये ४ वाढले. अठरा. ते एका दुपारी वाचून होतात. बोलण्यासारख्या लिखाणात 'केले'ऐवजी 'केलं' लिहायची मोकळीक त्या नियमांतच दिलेली आहे. ज्या स्वातंत्र्यासाठी तू माझ्याशी भांडतोस, ते तुला आधीच मिळालेलं आहे.

एवढं वाचून तू आता घाबरून सरकारी परिपत्रकासारखं लिहायला लागशील, ही मला दुसरी भीती आहे. तसं केलंस तर तेही मी परत पाठवीन. निर्दोष आणि निर्जीव कथा मी आयुष्यभर तपासल्या आहेत, त्यांतली एकही मला आज आठवत नाही. पहिला खर्डा लिहिताना कुठेही थांबू नकोस. दीर्घ वेलांटी आठवत नसेल तर ऱ्हस्व दे आणि पुढे जा. आई सदरा वाळवते आहे, तिच्याकडे बघ, नियमाकडे नको. खर्डा संपला की वही मिटून ठेव. काही दिवस लाकडं फोड, पागोळ्यांखाली पिंपं लाव. मग एखाद्या सकाळी वही उघडून मोठ्याने वाच, अगदी आवाज चढवून, तिथे ऐकायला कोण आहे? जिथे जीभ अडखळेल तिथे खूण कर. जिथे 'तो' येईल तिथे बोट ठेव आणि विचार, तो कोण? क्रियापदाशी थांब आणि विचार, हे एकदा घडलं की रोज घडत असे? वाक्य मुद्दाम मोडायचं असेल तर खुशाल मोड. नेमाड्यांनी 'कोसला'त किती वाक्यं मोडली आहेत ते पाहा. पण त्यातला पांडुरंग सांगवीकर तसाच बोलणार म्हणून ती मोडली आहेत. तू का मोडलंस हे तुला सांगता आलं पाहिजे.

एका दिवाळी अंकाच्या संपादकांना मी तुझी कथा पाठवणार होते. त्यांना कळवलं आहे की या वर्षी पाठवत नाही. हे हस्तलिखित लाल खुणांसह उद्याच्या टपालाने निघेल. पहिल्या सात पानांवर खुणा केल्या आहेत, उरलेल्या पानांवर मुद्दाम केलेल्या नाहीत. त्या चुका तू शोधायच्या आहेस. सगळी कथा हाताने पुन्हा लिहून पाठव, आणि होडीतून पडलं कोण हे त्याच वाक्यात सांग.