वाढणाऱ्यांची पानं

तारकर्ली-देवबागात कितीतरी नवरा-बायको हंगामभर पर्यटकांना सुरमई, सोलकढी वाढतात आणि स्वतः सगळ्यांच्या मागून, घाईघाईत जेवतात. जूनमध्ये समुद्र खवळतो, यांत्रिक मासेमारी बंद होते, पर्यटकांच्या खोल्या रिकाम्या पडतात. तेव्हा त्यांनी एका संध्याकाळी खुशाल बाहेर जाऊन पास्ता खावा. तो परका वाटायचं कारण नाही. नेपल्समध्ये स्पॅगेटीत घालतात त्या शिंपल्या आपल्या तिसऱ्यांच्याच भावकीतल्या. इटलीचा टोमॅटो आणि मालवणी मसाल्यातली मिरची, दोन्ही मूळची अमेरिकेतली, सोळाव्या शतकात जहाजांतून पोचलेली. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे, की त्या संध्याकाळी बायकोसमोर गरम ताट दुसरं कुणी आणून ठेवतं आणि नवरा तिला विचारतो, "तुका काय व्हया?" इतकी वर्षं हा प्रश्न तीच सगळ्यांना विचारत आली आहे.