भार खाली उतरतो तसा

इंग्लंडमधल्या वूस्टरशर परगण्यात ब्रेटफर्टन नावाचं खेडं आहे. तिथल्या ‘फ्लीस इन’ या लाकडी सांगाड्याच्या पबात आज मनानं बसू या. श्वास संथ होऊ द्या.

आधी नजर वर न्या. छपरावरचं गवत, त्याखालचे वासे. वाशांचा भार तुळयांवर, तुळयांचा खांबांवर, खांबांचा पायातल्या आडव्या लाकडावर, आणि त्याचा दगडी जोत्यावर. वाटेत तो कुठेही अडत नाही. श्वास सोडताना त्याच्याबरोबर खाली या. मान सैल सोडा, खांदे उतरू द्या. भिंतींची काळजी नको, त्यांनी काही पेललेलं नाही. खांबांमधली मोकळी जागा भरणारा तो कूड आहे. काठ्यांची वीण, वर माती, पेंढा आणि शेणाचा लेप, त्यावर चुन्याचा हात. कोकणातल्या जुन्या घरात वाढलेल्याला तो समजावून सांगावा लागणार नाही.

आता एका सांध्यापाशी थांबा. या घराचं मर्म मला इथेच दिसतं. एका लाकडात खाच, दुसऱ्याला तीत बसणारी कूस, दोन्हींतून आरपार ओकची खुंटी. त्या काळचे सुतार दोन्हींची भोकं मुद्दाम किंचित पुढेमागे पाडत. खुंटी ठोकली की सांधा आपोआप आत ओढला जाई. ओक ओला असतानाच तासत, कारण वाळलेला ओक हत्याराला दाद देत नाही. घर उभं राहिल्यावर लाकूड वर्षानुवर्षं वाळत गेलं, आक्रसलं, पिळवटलं, आणि खुंटीला अधिकच घट्ट धरत गेलं. तुळई वाकडी दिसते ती त्यामुळे. मनातल्या मनात तिला सरळ करू नका. तिच्या वळणावरून नजर सावकाश फिरू द्या.

पंधराव्या शतकात हे शेतकऱ्याचं घर होतं, माणसं आणि गुरं एकाच छपराखाली. 1848मध्ये पब झाला. त्या शेतकऱ्याच्याच कुळातल्या लोला टॅप्लिन 1977मध्ये वारल्या आणि घर नॅशनल ट्रस्टला देऊन गेल्या. शेकोटीपुढच्या फरशीवर पांढरी वर्तुळं आहेत, धुराड्यातून चेटकीण उतरू नये म्हणून काढलेली. त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहा. ती काढणाऱ्या हाताची भीती खरी होती.

2004मध्ये छपराच्या गवताला आग लागली. दुरुस्ती झाली, पब पुन्हा उघडला. अशा घरांच्या डागडुजीत सिमेंट घातक ठरतं, कारण ओल आत कोंडते आणि ओक सडतो. म्हणून चुनाच हवा. चांगला सुतार तुळईचा कुजलेला तेवढाच भाग कापतो, तिथे नवं लाकूड तिरक्या जोडानं बसवतो, आणि त्याचा वेगळा रंग लपवत नाही. हे मला फार मोलाचं वाटतं. असा जोड मनासमोर आणा. बोट आधी जुन्या लाकडावर ठेवा, मग नव्यावर, आणि हवा तितका वेळ तिथेच राहा.