कलम १९ कुठे हरवले?

मालेगावात दोन वर्षांत दोनदा स्फोट झाले. ८ सप्टेंबर २००६ ला, शब-ए-बारातच्या दिवशी, जुम्म्याची नमाज सुटताना बडा कब्रस्तानापाशी; आणि २९ सप्टेंबर २००८ ला, रमजानच्या रात्री भिक्कू चौकात. पहिल्यात तीसहून अधिक माणसे गेली, दुसऱ्यात सहा. पहिल्यासाठी राज्याच्या एटीएसने म्हणजे दहशतवादविरोधी पथकाने नऊ मुस्लिमांना पकडले. दुसऱ्यासाठी त्याच एटीएसने प्रज्ञासिंह ठाकूर, लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहित आणि त्यांच्याबरोबरच्यांना पकडले. महाराष्ट्रात या दोन खटल्यांवर भांडणाऱ्यांचे दोन तट आहेत. एका तटाला एक खटला बनावट वाटतो, दुसऱ्याला दुसरा. मी दोन्ही शेजारी ठेवून वाचतो तेव्हा माझी नजर तारखांवर अडते.

२००६ च्या आरोपींपैकी सात जण नोव्हेंबर २०११ मध्ये जामिनावर बाहेर आले. तपास तोवर एनआयएकडे म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला होता आणि तिने जामिनाला विरोधच केला नाही. २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना खटल्यातूनच वगळले. २००८ च्या खटल्यात पुरोहितांना सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला तो ऑगस्ट २०१७ मध्ये, अटकेला पावणेनऊ वर्षे झाली होती तेव्हा. आरोप निश्चित झाले त्यानंतर वर्षभराने, ऑक्टोबर २०१८ मध्ये. म्हणजे ‘तुमच्यावर नेमका आरोप काय’ हे न्यायालयाने त्यांना औपचारिकपणे सांगायला दहा वर्षे लागली. ३१ जुलै २०२५ ला सातही जण निर्दोष सुटले.

अशा खटल्यांत जामीन अडवणारा यूएपीए म्हणजे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा मूळचा १९६७ चा. त्याची जामिनाबाबतची दहशत मात्र २००८ च्या डिसेंबरातली. मुंबईवरच्या हल्ल्याला महिनाही उलटला नव्हता तेव्हा संसदेने या कायद्यात कलम ४३-ड घातले. त्याने दोषारोपपत्रासाठीची नव्वद दिवसांची मुदत एकशे ऐंशीपर्यंत वाढवता येऊ लागली, अटकपूर्व जामीन बंद झाला, आणि पोटकलम ५ आले: पोलिसांची केस डायरी आणि दोषारोपपत्र पाहून आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला, तर जामीन नाही. मोक्काची, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या राज्याच्या कायद्याची, वाटही अशीच अरुंद आहे. पुढे २०१९ मध्ये वटाली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जामिनाच्या टप्प्यावर पुराव्याची चिरफाड करायची नाही, तो आहे तसा धरून चालायचे. उलटतपासणी खटल्यात होईल. आणि खटला? त्याला तारीख पडेल.

डिसेंबर २००८ च्या त्याच अधिवेशनात आणखी एक कायदा झाला, एनआयए स्थापन करणारा. त्यातले कलम १९ फारसे कोणी काढून वाचत नाही. ते म्हणते, विशेष न्यायालयातला खटला कामकाजाच्या दर दिवशी, रोजच्या रोज चालावा. माझ्या मते ही दोन कलमे एकाच सौद्याची दोन टोके होती. राज्य नागरिकाला म्हणत होते: तुला आत ठेवू, पण तुझा निकाल लवकर लावू. सौद्याचा पहिला भाग वसूल झाला, दुसरा कागदावर राहिला.

निकाल लवकर लागू शकत नाही म्हणावे तर मुंबईवरच्या त्याच हल्ल्यातला कसाबचा खटला समोर आहे. अटक नोव्हेंबर २००८ ची, आरोपनिश्चिती मे २००९ ची, निकाल ३ मे २०१० चा. आर्थर रोड तुरुंगात न्यायालय उभारून न्यायाधीश ताहलियानींनी तो चालवला. त्याच निकालात दोन भारतीय सहआरोपी पुराव्याअभावी सुटलेही. गंमत म्हणजे हा तपास एनआयएचा नव्हता, मुंबईच्या गुन्हे शाखेचा होता. कलम १९ चा त्याच्याशी संबंधही नव्हता.

कोणी म्हणेल, तिथे पुरावाच ढळढळीत होता. मान्य. पण मग माझा मुद्दा सुटत नाही, अधिक घट्ट होतो. पुरावा हातात असला की राज्यालाच घाई असते. तो कच्चा असला की घाई करण्याचे कारण उरत नाही, कारण आरोपी तसाही आत आहे. जामीन मिळणार नाही याची इतकी खात्री असल्यावर तीनशे-साडेतीनशे साक्षीदारांची यादी देताना हात कशाला आखडेल? एल्गार परिषद प्रकरणातल्या पहिल्या अटका जून २०१८ च्या. सुधीर ढवळे आणि रोना विल्सन यांना मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये जामीन दिला तेव्हा साडेसहा वर्षे झाली होती आणि आरोपनिश्चितीही झाली नव्हती. याच प्रकरणातले स्टॅन स्वामी तर त्याआधीच, ५ जुलै २०२१ ला, जामीन अर्ज उच्च न्यायालयात प्रलंबित असताना वयाच्या ८४ व्या वर्षी कोठडीतच वारले.

जामिनाविरुद्धचा युक्तिवाद मी हलका समजत नाही. ११ जुलै २००६ ला मुंबई लोकलच्या फर्स्ट क्लासच्या डब्यांतल्या स्फोटांत ज्यांची माणसे गेली, त्यांना ‘जामीन हा नियम’ हे वाक्य ऐकवायला जीभ रेटत नाही. आरोपी पळेल, साक्षीदाराला धमकावेल, पुन्हा स्फोट घडवेल, ही भीती खरी आहे. म्हणूनच एखाद्याला आत ठेवायला माझी ना नाही. किती काळ, एवढाच प्रश्न आहे. रासुका म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखालच्या स्थानबद्धतेला, जिथे गुन्ह्याचा आरोपसुद्धा लागत नाही, बारा महिन्यांची कमाल मर्यादा आहे आणि सल्लागार मंडळापुढे जावे लागते. कच्च्या कैद्यासाठी यूएपीएत अशी कुठलीच भिंत नाही. आणि साक्षीदार? २००८ च्या मालेगाव खटल्यात तिसाहून अधिक साक्षीदार उलटले. कोणत्या दडपणाने, ते मला सांगता येणार नाही. पण दहा वर्षांनी पिंजऱ्यात उभे केलेल्या पंचाला मोटारसायकलचा रंग आठवेल, ही अपेक्षाच मुळात वेडगळ आहे. लांबलेली कोठडी साक्षीला जपत नाही, शिळी करते.

२०२१ च्या फेब्रुवारीत के. ए. नजीब खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक दार उघडले. केरळातल्या प्राध्यापकाचा हात तोडल्याच्या प्रकरणातला हा आरोपी पाच वर्षांहून अधिक काळ आत होता, २७६ साक्षीदार तपासायचे राहिले होते, आणि त्याच प्रकरणात दोषी ठरलेल्यांना कमाल शिक्षा आठ वर्षांची झाली होती. खटला लवकर संपणार नसेल तर राज्यघटनेच्या कलम २१ पुढे ४३-ड ची अट विरघळते, असे न्यायालय म्हणाले. निर्णय मोठा आहे, पण या दाराचा टोल वर्षांत मोजावा लागतो. ज्याच्याविरुद्ध काहीच नाही त्यानेही आधी पाच-सहा वर्षे भरायची. शिवाय दार कोणापुढे उघडेल हे खंडपीठावर ठरते. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुरविंदर सिंग प्रकरणात एका खंडपीठाने यूएपीएत तुरुंग हाच नियम मानला. त्याच ऑगस्टात जलालुद्दीन खान प्रकरणात दुसऱ्या खंडपीठाने विशेष कायद्यांतही जामीन हाच नियम सांगितला. सहा महिन्यांत, एकाच इमारतीत. वकील मंडळी हल्ली कलमाआधी बोर्ड पाहतात, त्यात नवल नाही.

मला एक सरळ गोष्ट सुचते. ४३-ड(५) कलम १९ ला बांधा. अटकेपासून ठरावीक मुदतीत आरोपनिश्चिती झाली नाही, किंवा त्यानंतर साक्षी सलग चालल्या नाहीत, तर ती अट आपोआप गळून पडावी आणि आरोपीचा अर्ज साध्या जामिनासारखा ऐकला जावा. मुदत किती, यावर वाद घालू. कल्पना काही परग्रहावरची नाही: १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाडा या जुन्या दहशतवादविरोधी कायद्याच्या कच्च्या कैद्यांचे आरोपाच्या गांभीर्यावरून गट पाडून कोणाला किती वर्षांनी सोडायचे ते ठरवले होते. फक्त ते टाडा गेल्यावर ठरले.

आणि मालेगाव? २००६ च्या स्फोटात एनआयएने नंतर दुसऱ्याच लोकांवर दोषारोपपत्र ठेवले. त्यांतले चौघे २०१९ मध्ये जामिनावर सुटले, तेही सहा वर्षे काढून. २००८ च्या निकालात मृतांच्या कुटुंबांना दोन लाख आणि जखमींना पन्नास हजार रुपये देण्याचा आदेश झाला. भिक्कू चौकात गेलेल्या सहा जणांचे नातेवाईक त्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात गेले आहेत. आता त्यांच्या अपिलाला तारखा पडतील.