गड पलीकडून कसा दिसतो?

राजगडाच्या पायथ्याला पाली गावात एका ओसरीवर आम्ही चहा घेत होतो. सोबत शिक्षकांची प्रशिक्षणं घेत गावोगाव हिंडणारे एक गृहस्थ होते, कळकळीचे आणि कष्टाळू. अंगणात खेळणाऱ्या पोरांकडे बघत ते सहज म्हणाले, "मुलं चुणचुणीत आहेत, पण इकडची आठवीतली पोरंसुद्धा अजून मूर्तातच आहेत. अमूर्त विचार झेपत नाही त्यांना." विषय तिथेच संपला. माझ्या डोक्यातून मात्र ते वाक्य जाईना.

ते कुठून येतं, हे शिक्षकी पेशातल्या कुणाला सांगायला नको. शिक्षक पात्रता परीक्षेत बालमानसशास्त्राला ३० गुण असतात आणि त्यात मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजेच्या चार अवस्था ठरलेल्या. दोन वर्षांपर्यंत बाळ हातातोंडानं विचार करतं, सातपर्यंत जे दिसेल त्यावर भाळतं, अकरापर्यंत समोरच्या वस्तूंविषयी तर्क करतं आणि त्यानंतर कुठे समोर नसलेल्या गोष्टींविषयी. तक्ता सोपा आहे, पाठ होतो. पण वयं लिहिलेला तक्ता हाती आला की मूल त्यावर तोलण्याचा मोह होतो, आणि कमी भरलं की उणीव मुलाच्या नावावर मांडली जाते.

पियाजेशी माझं भांडण आहे, पण त्याच्या ज्या कामापासून हा तक्ता सुरू झाला ते काम मला फार मोलाचं वाटतं. १९२०च्या सुमारास पॅरिसमध्ये तो मुलांच्या बुद्धिमापन चाचण्या तपासत होता. त्या कामात बरोबर उत्तरं मोजायची असतात. हा थांबला तो चुकीच्या उत्तरांपाशी. एका वयाची मुलं एकाच पद्धतीनं चुकतात, तेव्हा त्या चुकीमागे काही विचार असणार, हे त्यानं ओळखलं. मग स्वतःच्या तीन मुलांना तो पाळण्यापासून न्याहाळत राहिला. चुकणाऱ्या मुलाचं इतक्या आदरानं ऐकून घेणारा माणूस पुढे शिडी बांधत गेला, आणि त्या शिडीच्या पायऱ्यांवर इतरांनी वयाचे खिळे ठोकले.

त्याचा एक प्रयोग तर पालीत उभं राहिल्यावर आठवतोच. बेर्बेल इनहेल्डरबरोबर लिहिलेल्या १९४८च्या पुस्तकात तो आहे. टेबलावर तीन डोंगरांची प्रतिकृती. मूल एका बाजूला, बाहुली दुसऱ्या बाजूला. बाहुलीला डोंगर कसे दिसत असतील, ते चित्रांतून निवडायचं. लहान मुलं बहुधा स्वतःला दिसणारं चित्रच उचलतात, म्हणून त्या वयात दुसऱ्याच्या जागी जाऊन बघणं जमत नाही, असा निष्कर्ष. आता राजगड बघा. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या आणि मधोमध बालेकिल्ला. पालीकडून गड एक दिसतो, गुंजवण्याकडून दुसराच. सहा-सात वर्षांच्या एका मुलीला मी विचारलं, "गुंजवण्यातून गड कसा दिसत असेल गं?" ती म्हणाली, "पाठमोरा." आणि वर खुलासा केला, "मावशी हाये तिकडं."

एका मुलीच्या उत्तरानं प्रयोग खोटा ठरत नाही, हे मला मान्य आहे. पण हाच आक्षेप एडिंबऱ्याच्या मार्गारेट डोनल्डसन यांनी १९७८च्या पुस्तकात पुराव्यांसह मांडला होता. त्यातल्या एका प्रयोगात मार्टिन ह्यूज यांनी डोंगर काढून टाकले आणि शिपायांपासून लपणारा मुलगा आणला. बाहुला-मुलगा कुठे लपवला तर शिपायांना दिसणार नाही, एवढाच प्रश्न. साडेतीन ते पाच वर्षांच्या मुलांची दहापैकी नऊ उत्तरं बरोबर आली. लपाछपी कळते, कारण लपण्याला हेतू असतो. टेबलावरच्या डोंगरांना मुलाच्या लेखी काही हेतू नव्हता. तान्ह्या बाळाच्या बाबतीतही तेच झालं. लपवलेली वस्तू आठ-नऊ महिन्यांपर्यंत बाळाच्या लेखी नाहीशीच होते, असं पियाजे म्हणे, कारण ते ती शोधत नाही. १९८५मध्ये रने बायार्जों आणि तिच्या सहकाऱ्यांनी बाळाला शोधायला लावलंच नाही. ते किती वेळ टक लावून बघतं, तेवढं मोजलं. पाच महिन्यांची बाळंही दडलेली वस्तू तिथेच आहे असं धरून चालतात, असं त्यातून निघालं.

इथे मला नेहमी करावासा वाटणारा एक फरक पुढे येतो. एखादी गोष्ट कामात असताना कळणं वेगळं, आणि ती कामापासून सुटी करून बोलता येणं वेगळं. १९६९च्या एका अभ्यासात मेक्सिकोतल्या कुंभारांच्या मुलांना मातीचा गोळा लांबट केला तरी माती तेवढीच राहते, हे इतर मुलांपेक्षा चांगलं सांगता आलं. १९८५च्या दुसऱ्या एका अभ्यासात ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ विकणारी मुलं गिऱ्हाइकाला बिनचूक हिशेब सांगत. तीच गणितं कागदावर आकड्यांत दिली की अडखळत. आपल्याकडे दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली यांत भात मोजणाऱ्या आजीजवळ बसलेलं पोर रुंद भांड्यातलं उंच भांड्यात ओतताना भात वाढला असं समजून सहज फसेल, असं मला वाटत नाही. आवणीच्या दिवसांत कोणत्या खाचराला किती तरवा पुरेल, याचा अंदाज बांधणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाला 'मूर्तातच' म्हणून सोडून देणं मला अन्यायाचं वाटतं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे फार आधी ओळखलं होतं. १९४५मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू झाली, १९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये गेलं. माँटेसरीची महागडी साधनं त्यांनी बाजूला ठेवली आणि बिया, शिंपले, खडे, पानं आणली. गुरांमागे जाणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच गुरांमागे नेली. तिचं नाव कुरणशाळा. मुलाजवळ जे आहे तिथून सुरुवात करायची, ही त्यांची रीत. माझं सगळं म्हणणं त्यांच्या बाजूनं आहे, असं मी इथवर समजत आलो.

पण कुरणशाळेचा विचार थोडा पुढे नेला की माझंच म्हणणं मला अडवतं. त्या दोघींनी मुलांना बिया कशाला दिल्या? बिया त्या मुलांना ठाऊकच होत्या. वारली मुलाला झाडं शिकवायला कोसबाडला शाळा लागत नव्हती. बियांवरून संख्येकडे, अक्षराकडे, न पाहिलेल्या जगाकडे नेण्यासाठी शाळा होती. 'कामातलं ज्ञान हेच खरं ज्ञान' म्हणून मी थांबलो, तर मुलाचं कौतुक होतं आणि मूल जिथे होतं तिथेच राहतं.

मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरियानं १९३१ आणि १९३२मध्ये उझबेकिस्तानातल्या शेतकऱ्यांना एक कोडं घातलं होतं. उत्तरेला, जिथे बर्फ असतो, तिथली सगळी अस्वलं पांढरी. नोवाया झेम्ल्या उत्तरेला आहे, तिथे बर्फ असतो. तर तिथली अस्वलं कोणत्या रंगाची? शाळा न पाहिलेले शेतकरी अशा अर्थाचं उत्तर देत, की आम्ही तिथे गेलो नाही, गेलेल्याला विचारा. हे उत्तर शहाणपणाचं आहे. न पाहिलेल्याची ग्वाही देऊ नये, हे त्यात आहे. पण ज्यांनी वर्ष-दोन वर्षंच शाळा पाहिली होती, ते लगेच म्हणत, पांढऱ्या. ही माणसं मोठी होती, अक्कलवान होती, हिशेबी होती. वय वाढून 'जर असं असेल तर' मध्ये पाऊल टाकता आलं नव्हतं; थोड्याशा शाळेनं ते आलं. मी पालीत आठवीतल्या एका मुलाला विचारलं होतं, समज गडावर कधीच पाऊस पडला नसता, तर काय झालं असतं? तो म्हणाला, "पण पडतो की." त्याचं उत्तरही मला आता नुसतं शहाणपण म्हणून साजरं करता येत नाही. 'समज' म्हटल्यावर समजायचं कसं, हे त्याच्याबरोबर कुणी फारसं खेळलेलं नसावं.

लुरियाचा गुरू वायगोट्स्की १९३४मध्ये ३७व्या वर्षी गेला. त्याचं म्हणणं असं, की विचार आधी दोन माणसांत घडतो, मग एकट्याच्या मनात. याचं उदाहरण इथलंच. भोर तालुक्यातल्या रायरेश्वरावर १६४५मध्ये स्वराज्याची शपथ झाली अशी परंपरा आहे, तेव्हा शिवाजीराजे पंधरा वर्षांचे होते. नसलेलं राज्य असल्यासारखं डोळ्यांपुढे उभं करणारा विचार याच वयाचा. शपथेच्या तपशिलावर इतिहासकार वाद घालोत. पण तो मुलगा जिजाऊंच्या आणि जाणत्या कारभाऱ्यांच्या बोलण्यात, न्यायनिवाड्यांत वाढला होता. पंधराव्या वर्षी असा विचार आपोआप पिकला नाही.

पियाजेही अखेर इथवर आलाच. १९७२च्या एका लेखात त्यानं मान्य केलं, की जिनिव्हातल्या चांगल्या शाळांतल्या मुलांवरून काढलेली वयं सगळीकडे लागू होतीलच असं नाही. शेवटची पायरी पंधरा-वीसपर्यंत लांबेल आणि माणसाच्या व्यवसायाप्रमाणे वेगवेगळ्या क्षेत्रांत दिसेल. तक्ते छापणाऱ्यांनी तो लेख वाचलेला दिसत नाही.

तेव्हा ओसरीवरच्या त्या वाक्यातला पहिला अर्धा भाग मी मान्य करतो. त्या मुलांना सुट्या, न दिसणाऱ्या गोष्टींविषयी बोलायची सवय कमी आहे. त्यांना ते झेपत नाही, हे मात्र साफ चूक. ती सवय लावायला माणूस आणि वेळ लागतो, आणि नेमकी ती याच वयात लागते. पण शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाचा. नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी, आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत. नववीच्या शाळेच्या अंतराविषयी हा कायदा काहीच म्हणत नाही. डोंगरातल्या वाड्यांमधून नववीला जायचं म्हणजे एस.टी.च्या वेळा, पावसाळ्यातले ओढे आणि मुलगी असली तर घरच्यांची काळजी, एवढं सगळं पार करून जायचं. 'समज' या शब्दानं सुरू होणारे प्रश्न ज्या वयात रोज कुणीतरी विचारायला हवेत, त्याच वयात शाळेची वाट सर्वांत लांब होते.